लॉनीच्या अ‍ॅम्पचे सहा नॉब

दुरुस्तीला आलेल्या, गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या प्रत्येक अ‍ॅम्पचा मी आधी फोटो काढतो. कुठला नॉब किती फिरवून ठेवलाय ते त्यात दिसतं, म्हणजे परत देताना जसेच्या तसे लावता येतात. आमच्या यंगस्टाउन गावातल्या टिनपाट पोरांच्या अ‍ॅम्पचेसुद्धा फोटो आहेत माझ्याकडे. लॉनीच्याच अ‍ॅम्पचा नाही काढला. मला कशाला लागतोय फोटो! बावीस वर्षं एकाच बँडमध्ये, गिटार वाजवणाऱ्या त्याच्या शेजारी उभा राहून बेस वाजवलाय मी. माज, दुसरं काय.

लॉनी ऑक्टोबरात गेला. वेल्डिंग करताना, उभ्या उभ्या. महिन्याभराने त्याची बायको डोरीन अ‍ॅम्प घेऊन माझ्या दुकानात आली. शेवटच्या कार्यक्रमानंतर त्याच्या नॉबना कुणी हात लावला नव्हता.

"खरखरतोय रे व्हर्न," ती म्हणाली. "शनिवारी हॉलवर सगळे जमणारेत त्याच्यासाठी. आमची ब्रिन वाजवणारे. मला बाकी काही नको, एकदा त्याचा आवाज ऐकू दे."

"त्याचा आवाज? मग कानात बोळे घालून ये," मी म्हणालो. बिचारी हसली.

खरखर म्हणजे नॉबमध्ये धूळ. आत औषध फवारायचं आणि प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-वीस वेळा फिरवायचा. शीळ घालत सहाच्या सहा फिरवले आणि सवयीने शून्यावर आणून ठेवले. खरखर गेली. मी खूश!

शुक्रवारी दुपारी ब्रिन आली, लॉनीची एकोणीस वर्षांची मुलगी. बापाचीच गिटार, बापासारखंच ओठ चावत वाजवणं. मी अंदाजाने नॉब लावले. तिने बाप एकट्याने वाजवायचा त्या तुकड्याची पहिली ओळ वाजवली आणि थांबली.

"काका, हा बाबा नाहीये."

"थांब गं, मिडलचा नॉब वाढवतो."

मिडल वाढवला तर आवाज पत्र्यासारखा झाला. गेनचा नॉब कमी केला तर लांबवलेला सूर मधेच मरायला लागला. लॉनीचा सूर घोगरा असायचा, पण शेवटाला थरथरायचा. खरं सांगतो, रडायचा तो. "मिडल कमी कर रे गाढवा" म्हणून बावीस वर्षं मी त्याच्यावर खेकसलो, पण तो नॉब नेमका कुठे असतो ते एकदाही वाकून पाहिलं नाही. तीन तास आम्ही झटलो. ब्रिनची बोटं सोलून निघाली.

"फोटो असेल ना काका? तू तर सगळ्यांचे काढतोस."

"नाही काढला." मला तिच्याकडे बघवेना. "मी घालवला गं त्याला. या हातांनी घालवला."

तेवढ्यात कोटावरचा बर्फ झटकत डोरीन आत आली. "झालं का? वाजव की गं."

ब्रिनने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वाजवलं. संपेपर्यंत डोरीन दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती.

"हाच ना गं? हाच ना त्याचा?"

"हो आई. हाच."

मग डोरीनने माझ्याकडे पाहिलं. मीही मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

"पुन्हा वाजव," स्टुलावर बसत, डोळे मिटून ती म्हणाली. "नीट लक्षात ठेवू दे मला."

ब्रिन पुन्हा वाजवायला लागली.