जास्तीचे सहा किलोमीटर

टेलरबाईंनी जीपचं दार उघडलं आणि मागच्या सीटवरच्या मधाच्या बरण्यांकडे ढुंकूनही न पाहता आधी वेगाच्या काट्याखालचा किलोमीटरचा आकडा वाचला. एक पाय जमिनीवर, एक गाडीत, अशा त्या उभ्याच राहिल्या. सकाळचा आकडा त्यांच्या डोक्यात होता. वजाबाकीला त्यांना कधी कागद लागला नाही. सगळ्या गल्लीच्या कंबरा आणि बाह्या त्या डोक्यातच ठेवत आल्या होत्या.

"शेहेचाळीस," त्या म्हणाल्या.

"काय शेहेचाळीस?" मुलाने बरणी उचलता उचलता विचारलं. त्याला सगळे भुंगा म्हणत. मधमाश्या पाळायला लागल्यापासून मित्रांनी ठेवलेलं नाव, आता आईच्याही तोंडात बसलेलं.

"पेट्यांपर्यंत जाऊन-येऊन चाळीस होतात. आज सहा जास्त कुठून आले?"

भुंगा हसला. पण हसण्याआधी क्षणभर थांबला, आणि तेवढं थांबणं बाईंना पुरलं.

"अगं, परवाच नाही का गिअर बदलून घेतले? काट्यात फरक पडत असेल त्याने."

"गिअरने रस्ता लांबतो होय रे?"

"आई, तू पण ना! मिस्त्रीला विचार हवं तर."

"विचारते की," बाई म्हणाल्या आणि दार आपटून आत गेल्या.

त्या दुपारी शिलाई काही केल्या सरळ पडेना. बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. काटा वाचायची सवय काही हौसेने लागलेली नव्हती. भुंगा शाळेत असताना त्याचा बाप मालाची व्हॅन चालवायचा, आणि गोदामातून थेट घरी आलो असं रोज सांगायचा. त्या व्हॅनचा काटा मात्र दुसरंच सांगे. शेवटी एका संध्याकाळी बाईंनी किलोमीटर तोंडावर फेकले, आणि त्या जास्तीच्या किलोमीटरच्या टोकाला दुसरा संसार निघाला. त्याच संध्याकाळी नवऱ्याची बॅग जिन्यात गेली.

पुढे तो दुसरा संसारही मोडला. आता तो माणूस वरच्या पुलापाशी पाण्याच्या पंपघरावर राखण करत एकटा राहतो, हे बाईंच्या कानावर होतं. आणि नेमकी त्याच रस्त्यावर, पुलाच्या तीन किलोमीटर अलीकडे, भुंग्याला पेट्या ठेवायला जागा मिळाली. जागा बघायला त्या स्वतः गेल्या होत्या, याच जीपमधून. तेव्हा ती नवीकोरी होती, बारक्या चाकांची. जाऊन-येऊन चाळीस भरले. उतरताना त्यांनी पोराला बजावलं होतं, "पेट्या इथे, आणि तू पण इथेच. त्याच्या दारात पाऊल टाकलंस, तर माझ्या दारात टाकू नकोस."

"नाही टाकणार," भुंगा म्हणाला होता.

त्या शब्दावर त्यांनी आजवर विश्वास ठेवला होता. बरं, नुसता शब्दावर नाही. प्रत्येक फेरीनंतर बरण्या उतरवायच्या निमित्ताने त्या काटा बघत, आणि काटा दर वेळी चाळीस सांगे. चाळीस म्हणजे पोरगा आपला आहे. आता तीन जाताना आणि तीन येताना, झाले सहा. हिशेब सरळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भुंग्यालाच घेऊन गॅरेजवर गेल्या. एकट्याने गेलं तर हा मागून फोन करून मिस्त्रीला पढवणार. समोर असला म्हणजे चेहरा वाचता येतो. मिस्त्री एका ट्रकखालून सरपटत बाहेर आला, हात पुसत.

"मिस्त्री, परवा तुम्ही गाडीला नक्की काय केलंत?" बाईंनी नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत न पडता विचारलं.

मिस्त्रीचं तोंड एकदम लाल झालं.

"ताई, कुणी काही सांगितलं का तुम्हाला? की मी मागचा सेट बदलला आणि पुढचा तसाच ठेवला म्हणून? फोर-व्हीलमध्ये पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडली, तर आठ दिवसांत सगळं तुटून माझ्याच दारात येईल. एवढा खुळा नाही मी."

"अहो, मी कुठे..."

पण मिस्त्री ऐकेना. आतून लोखंडी ट्रे फरफटत आणला. त्यात तेलाने काळी झालेली दोन जाड दातेरी चक्रं आणि दोन दांडे होते. "हे मागचं क्राउन-पिनियन, हे पुढचं. दोन्ही जुनी. मोजून घ्या दात."

"दात राहू द्या. आकड्याचं सांगा," बाई म्हणाल्या. "परवापर्यंत चाळीस दाखवत होता, त्याच फेरीचे आता शेहेचाळीस दाखवतो. हा म्हणतो तुमच्या गिअरमुळे. खरं का?"

भुंगा टायरला टेकून उभा होता. तो मिस्त्रीकडे बघत नव्हता. बाई मात्र त्याच्याकडेच बघत होत्या.

"हात्तिच्या! एवढंच होय?" मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. "ताई, हा आकडा चाक बघत नाही. आतला दांडा किती फिरला ते मोजतो. भुंग्याने मोठी चाकं बसवली. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं, म्हणजे दांडा कमी फिरला, म्हणजे काटा कमी दाखवणार. वर गाडीला चढावर दम लागायला लागला, म्हणून मी चाकांच्या मापाचे गिअर घातले. आता दांडा पुन्हा हवा तेवढा फिरतो. काटा कंपनीतून निघाला तसा झाला बघा."

"म्हणजे आताचा आकडा खरा?"

"शंभर टक्के."

"आणि आधीचा?"

"मोठी चाकं होती तोवरचा खोटा. शेहेचाळीस चाललात तर चाळीसच दाखवायचा बिचारा."

"बघ," भुंगा म्हणाला. त्याचे खांदे सैल झाले. "सांगत होतो ना? पटलं आता?"

बाईंना एकदम भरून आलं. काल दुपारपासून पोटच्या पोराला त्यांनी मनातल्या मनात उभा-आडवा चिरला होता. एका बापाची शिक्षा किती जणांना द्यायची? त्यांनी पदराने डोळे टिपले आणि मिस्त्रीला म्हणाल्या, "माझंच डोकं फिरलं होतं. चुकलं माझं."

"आईचं काळीज, ताई. चालायचंच," मिस्त्री म्हणाला आणि परत ट्रकखाली शिरला.

भुंग्याने शीळ घालत गाडी चालू केली. बाई शेजारी बसल्या. गॅरेजच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत त्या खरोखर सुखात होत्या.

मग त्यांना दुकानातला जुना टेप आठवला. वर्षानुवर्षं ओढून ताणलेला. त्याने मापलं की धिप्पाड माणूसही बारीक भरायचा. लक्षात आलं त्या दिवशी त्यांनी तो फेकून दिला होता. मोठं चाक म्हणजे तोच ताणलेला टेप. रस्ता तेवढाच, माप कमी.

रस्ता तेवढाच असेल, तर मोठी चाकं लागली त्या दिवशी चाळीसाचा आकडा खाली यायला हवा होता. पस्तीसवर. बारक्या चाकांवर तर त्यांनी स्वतः शेजारी बसून चाळीस बघितले होते. आणि मोठ्या चाकांवरही, दर फेरीला, चाळीसच. एकदाही कमी नाही. एवढे दिवस त्या ज्या आकड्यावर निर्धास्त झोपल्या, तोच आकडा तेव्हापासून त्यांना शेहेचाळीस सांगत होता.

त्यांनी पोराकडे पाहिलं. तो अजून शीळ घालत होता. मोठी चाकं कशाला, असं विचारलं तेव्हा म्हणाला होता, पुढचा रस्ता दगडांचा आहे. पेट्यांपर्यंत तर डांबर आहे, हे त्यांना तेव्हा सुचलंच नव्हतं.

राग आला. चोरी पकडायला गेल्या, आणि भर गॅरेजमध्ये माफी मागून आल्या!

"घरी नको," त्या म्हणाल्या. "पेट्यांकडे घे."

"आत्ता? तुझी शिलाई?"

"शिलाई कुठे पळून जाते? नवीन गिअर कसे ओढतात ते बघते."

शीळ थांबली. पुढच्या वीस किलोमीटरमध्ये बाईंनी काट्याकडे एकदाही पाहिलं नाही. झाडांखाली पांढऱ्या पेट्या दिसायला लागल्या तसा भुंग्याने वेग कमी केला आणि गाडी कडेला घ्यायला लागला.

"पुढे चल," बाई म्हणाल्या.

त्याने ब्रेक दाबला. इंजिन चालूच होतं. समोर डांबर संपून खडकाळ चढ सुरू होत होता, आणि त्यावर रुंद टायरांच्या जुन्या खुणा होत्या, एकावर एक.

"पुढे काही नाही, आई."

"तुझ्या बापानेही मला हेच सांगितलं होतं. अगदी याच आवाजात."

भुंग्याने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. काचेतून समोरच बघत तो बोलला.

"त्यांना दिसत नाही आता. एक डोळा गेलाय, दुसरा जायला आलाय. पंपाचं बटण चाचपडत शोधतात. मी जातो, चूल पेटवून देतो, आठवड्याचं पाणी भरतो, परत येतो. तुला सांगितलं असतं, तर तू एकाला निवड म्हणाली असतीस."

ते खरं होतं, आणि ते खरं आहे हेच बाईंना सोसवेना. त्यांनी खिडकीची काच खाली केली, परत वर केली.

"त्याच्यासाठी चाकं बदललीस," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी गिअर बदललेस. आणि मला काय, चाळीस?"

"आई..."

"चल म्हटलं ना."

त्याने पहिला गिअर टाकला. जीप खडकांवर चढायला लागली, न अडखळता, न दमता. पुलाचा कठडा दिसला, मग पंपघराचं पत्र्याचं छप्पर, आणि दारातल्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं. गाडी वळली तरी ते माणूस दुसरीकडेच तोंड करून होतं.

"हॉर्न वाजव," बाई म्हणाल्या. "एकदम पुढ्यात जाऊन उभी राहिले, तर घाबरेल तो."