कमलिनीच्या गोळ्या

येलवालमधली काही पोरं दुखण्यावरच्या कडक गोळ्यांच्या नादी लागली होती. घरोघरी पडून असलेल्या अशा गोळ्या गोळा करून इस्पितळात द्यायच्या, असं विठ्ठल मंदिरातल्या बैठकीत ठरलं. ही कल्पना नरहरी शिंप्याचीच. पण शेजारची शांताक्का बादली घेऊन त्याच्या दारात आली, तेव्हा त्याने खोकल्याचं औषध दिलं, गुडघ्याचं तेल दिलं, आवळ्याचं चूर्णसुद्धा दिलं.

"अय्यो, चूर्ण खाऊन कोण बिघडलंय री?" शांताक्का तिच्या कानडी हेलात म्हणाली. "कॅन्सरच्या दुखण्यावरच्या त्या गोळ्या काढा."

"त्या कमलिनीच्या आहेत," नरहरी म्हणाला. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं, पण पाकिटावर अजून तिचं नाव होतं.

"वहिनींना आवडायच्या का त्या?"

"छे! रोज गोळीला शिव्या, डॉक्टरला शिव्या आणि देणाऱ्या मलाही."

"मग शिव्या खाल्लेल्या गोळ्या कशाला सांभाळता?"

नरहरीला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरले. त्याने पाकीट बादलीत टाकलं.

"तिच्या साड्या मागायला नाही ना येणार?"

"साड्यांची नशा आम्हा बायकांनाच चढते. कपाटाला कुलूप लावा," म्हणत शांताक्का पुढच्या घराकडे वळली.