यादीत अकरावा

साहेबांनी दार लावून घेतलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आमचे साहेब दार लावत नाहीत. 'माझं दार सगळ्यांसाठी उघडं आहे' हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलंय, की नवीन माणूस कामावर आला की आम्हीच ते त्याला आधी सांगून मोकळे होतो.

"बसा," ते म्हणाले. "जरा नाजूक काम आहे. तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही."

सतरा वर्षं प्रोग्रॅम लिहिण्याची नोकरी केल्यावर माणूस एक गोष्ट शिकतो. साहेब कौतुक करायला लागला की खुर्चीच्या कडेवर बसावं, म्हणजे उठायला सोपं जातं. मी कडेवर बसलो. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

स्क्रीनवर माझंच पान होतं. 'खालच्या मजल्यावरून.' गेली चार वर्षं मी ते निनावी चालवतोय. नोकऱ्या, यंत्रं, कामाचे तास, नवे कायदे, पेपरात येतं ते आणि पेपरात येत नाही ते, सगळ्यावर माझी मतं. ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती, मला आणि बायकोला.

"वाचता का तुम्ही हे?" साहेबांनी विचारलं.

"अधूनमधून," मी म्हणालो. "बरं लिहितो."

"बरं काय, फारच बरं लिहितो. तीच अडचण आहे." त्यांनी एक वाक्य बोटाने दाखवलं. 'यंत्र आपली नोकरी घेणार नाही. साहेब घेणार, आणि नाव यंत्राचं सांगणार.' "स्वागतकक्षातल्या बाईंवरचा लेख. त्यांना आपण कमी केलं, त्यांच्या जागी ते बोलणारं यंत्र बसवलं. कंपनीचं नाव नाही, पण वरच्या लोकांनी ओळखलं. हा माणूस आपल्यातलाच आहे."

मग काम सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मी ग्राहकांच्या तक्रारी वाचून त्यांची वर्गवारी करणारा प्रोग्रॅम लिहिला होता. तसाच आणखी एक लिहायचा. एका बाजूला हे लेख, दुसऱ्या बाजूला ऑफिसातल्या दोनशे दहा माणसांचे निरोप आणि अहवाल. कोणाची भाषा जुळते ते प्रोग्रॅमने सांगायचं.

म्हणजे मला शोधायचं काम मलाच.

मुळात माझा स्वभाव संशयी. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर मी पहिल्या दिवसापासून कागद चिकटवलाय. बायको म्हणते, तुला लिफ्टमधल्या आरशाचाही संशय येतो. येतोच. त्यामुळे जागेवर परत येईपर्यंत माझी खात्री झाली होती की साहेबांना सगळं माहीत आहे. हा सापळा आहे. मी नाही म्हटलं तर का नाही म्हटलं ते विचारणार. हो म्हटलं आणि काही सापडलं नाही, तर का सापडलं नाही ते विचारणार.

"काय रे, तोंड का असं?" शेजारून भिंगताईंनी विचारलं.

भिंगताई आमच्याकडे प्रोग्रॅममधल्या चुका शोधतात. आम्ही लिहायचं आणि त्यांनी मोडून दाखवायचं. बारीकशी चूकही त्यांच्या नजरेतून सुटत नाही म्हणून हे नाव पडलं, आणि त्यांना ते आवडतंही. नऊ वर्षं आमची टेबलं शेजारी आहेत. दुपारी चारचा चहा आम्ही कॅन्टीनमध्ये एकत्र घेतो. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं राहिलीत. बोलायला सडेतोड, आवाज खणखणीत, आणि आजूबाजूला कोण आहे हे बघून बोलायची सवय त्यांना अजिबात नाही.

"काही नाही ताई. साहेबांनी काम दिलंय."

"कौतुक करून दिलं असेल तर नीट वाचून घे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

प्रोग्रॅम लिहायला मला चार दिवस लागले. अवघड असं काही नव्हतं. माणूस मोठे शब्द बदलतो, बारीक शब्द बदलत नाही. 'बरं', 'तर', 'म्हणजे', 'पण' हे कोण किती वेळा वापरतं, वाक्य कुठे तोडतं, प्रश्न कुठे टाकतं, एवढं मोजलं की बहुतेक वेळा माणूस सापडतो. आणि हे सगळं लिहिताना मी एक ओळ घातली, जिच्यामुळे माझे स्वतःचे निरोप मोजणीतून बाहेर राहतील. साहेबांनी विचारलंच तर उत्तर तयार होतं, की तपासणाऱ्याने स्वतःला तपासू नये, तसा नियमच असतो. माझ्या हुशारीवर मी खूश होतो. मी बाहेर राहिलो म्हणजे दोनशे नऊ माणसं उरतात, कोणीच नीट जुळत नाही, यादी सपाट येते आणि विषय संपतो.

शुक्रवारी दुपारी साहेब स्वतः माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"आत्ता चालवा," म्हणाले. "मला बघायचंय."

बाजूचं टेबल रिकामं होतं, ताई चहाला गेल्या होत्या. मी प्रोग्रॅम चालवला. यादी आली आणि ती सपाट नव्हती. सगळ्यात वर भिंगताई होत्या. त्यांच्यानंतरच्या नावाचे गुण इतके कमी होते की दुसरं कोणी शर्यतीत आहे असं वाटतच नव्हतं.

साहेब यादी वाचायला पुढे वाकले.

"चुकत असेल," मी म्हणालो. "पहिलीच आवृत्ती आहे."

"तुमचा प्रोग्रॅम आहे. तुमचं कधी चुकत नाही." त्यांनी यादीचा फोटो काढला. "वाईट वाटतं हो. दोनच वर्षं राहिली होती त्यांची. सोमवारी बोलावतो त्यांना. तोपर्यंत हे तुमच्या-माझ्यातच."

पाच मिनिटांनी ताई आल्या. मला आवडतात म्हणून कॅन्टीनमधून दोन बिस्किटं कागदात गुंडाळून आणली होती. मला ती खाववेनात.

घरी आल्या आल्या बायकोला सगळं सांगितलं. ती दवाखान्यात फिजिओथेरपी करते, दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते, त्यामुळे कोणाच्या कण्हण्याने ती घाबरत नाही.

"आता काय करणार?" तिने विचारलं.

"कबूल करतो. दुसरा काय मार्ग आहे? नोकरी जाईल माझी. पण ताईंची कशी जाऊ देऊ? नऊ वर्षं शेजारी बसून माझी भाषा त्यांना लागली असणार, एवढाच काय तो दोष त्यांचा."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं आणि ती बोलत नव्हती, हे मला कळलं. पण त्या वेळी मला साहेबांचा संशय येत होता, बायकोकडे लक्ष द्यायला जागाच नव्हती.

शनिवारी सकाळी पुरावा तयार करायला बसलो. मोजणीतून मला वगळणारी ती ओळ काढली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. माझं नाव सगळ्यात वर येणार, ते कागदावर छापून घेणार आणि सोमवारी साहेबांच्या टेबलावर ठेवणार. मनातल्या मनात मी त्या प्रसंगाचा लेखही लिहायला घेतला होता. खोटं कशाला सांगू?

यादी आली. सगळ्यात वर भिंगताईच होत्या.

मी अकरावा होतो. माझ्या एक जागा वर कॅन्टीनच्या भिंतीवरच्या सूचना लिहिणारा व्यवस्थापक होता. 'कृपया ताट जागेवर ठेवावे' लिहिणारा माणूस माझ्या लेखांना माझ्यापेक्षा जास्त जवळचा निघाला.

पुन्हा चालवलं. अकरावाच. ओळ न् ओळ तपासली. चूक नव्हती.

"घरी तू असं कधी बोलत नाहीस," मागून बायको म्हणाली. कधीची येऊन उभी होती कोण जाणे. "लेखांत बोलतोस तसं. चार वर्षं म्हणेन म्हणते. ताई जेवायला आल्या होत्या ना आपल्याकडे, तेव्हा मला वाटलं, अरे, हा आवाज तर मी वाचलाय."

मी फोन उघडला. फोनमध्ये माझी एक वही आहे, 'सुचलेलं' नावाची. जे सुचतं ते मी तिथे टिपून ठेवतो आणि रविवारी त्याचा लेख करतो. मी तारखा बघायला लागलो. प्रत्येक नोंद दुपारी चार ते साडेचारच्या मधली. चहाच्या वेळेची. 'यंत्र आपली नोकरी घेणार नाही' हे ताईंचं. 'कंपनीला कुटुंब म्हणतात, पण कुटुंबातून काढताना लोक निदान भांडतात' हेही ताईंचं. प्रत्येक लेखाच्या शेवटी 'काय ठरलं होतं? काय झालं? कोणी तपासलं?' असे तीन प्रश्न येतात. वाचकांना ते फार आवडतात आणि मला त्यांचा अभिमान होता. ते तर त्यांच्या चुकांच्या अहवालातले रकाने होते. नऊ वर्षं मी ते रोज वाचत होतो.

चार वर्षांत मी किती लेख लिहिले असतील, यंत्रं माणसांचं लिहिलेलं गिळून आपलं म्हणून सांगतात त्याबद्दल! तीन तरी. मला लाज वाटली. शनिवार-रविवार ती गेली नाही.

सोमवारी ऑफिस उघडताच साहेबांच्या खोलीत गेलो. दार मीच लावून घेतलं.

"तो मी आहे," म्हणालो आणि त्यांच्यासमोर त्या पानाचा पासवर्ड टाकून आत शिरून दाखवलं.

साहेब चकित होतील असं वाटलं होतं. ते मागे टेकले आणि हसले. इतके दिवस मी ज्याला सापळा समजत होतो तो सापळा नव्हता हे तेव्हा समजलं. यांना खरंच काही माहीत नव्हतं. पण आता त्यांच्या डोळ्यांत मला माझाच संशयी स्वभाव दिसला.

"अच्छा. म्हणजे दोघं आहात. त्या सांगतात, तुम्ही लिहिता. यादी बरोबर आणि पासवर्डही बरोबर."

"नाही साहेब. त्यांना काही माहीत नाही."

"मग भाषा त्यांची कशी?"

सतरा वर्षांत माझ्यावर आळसाचे, उद्धटपणाचे, सगळे आरोप झाले, सगळ्यांना उत्तरं होती. याला एकच उत्तर होतं.

"चोरली," मी म्हणालो. "चहाला त्या बोलतात, मी टिपून घेतो. त्यातलं माझं काही नाही."

"याला पुरावा?"

मी फोन उघडून टेबलावर ठेवला. त्यांनी थोडा वेळ नोंदी वर-खाली केल्या आणि ताईंना बोलावलं.

ताई आल्या. साहेबांनी त्यांना स्क्रीनवर स्वागतकक्षावरचा लेख दाखवला. "हे तुमचं आहे का?"

एरवी चुका शोधतात तशाच ताईंनी तो सावकाश, ओठ हलवत वाचला. त्या हो म्हणाल्या तर माझ्या कबुलीला काही अर्थ उरणार नव्हता.

"वाक्यं माझी आहेत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही—"

"मी हे कॅन्टीनमध्ये बोललेय. मोठ्याने. तुम्हीही होतात साहेब, पलीकडच्या टेबलावर. 'नाव यंत्राचं सांगणार' म्हटल्यावर तुम्ही हसलात आणि मला म्हणालात, ताई, तुम्हाला निवडणुकीला उभं करायला हवं. आठवतंय?"

साहेबांना आठवलं. त्यांचे कान लाल झाले.

"यात लपवण्यासारखं काय होतं ते मला कळत नाही," ताई म्हणाल्या. "लिहिलंय कोणी?"

"मी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग टेबलावरच्या फोनकडे. साहेबांना न विचारताच फोन उचलला. बोटाने एकेक नोंद वर सरकवत त्या वाचत गेल्या. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एका तारखेवर त्यांचं बोट थांबलं.

ती तारीख मलाही पाठ होती. स्वागतकक्षातल्या बाईंना काढलं तो दिवस. त्या बाई ताईंच्या वीस वर्षांपासूनच्या मैत्रीण. त्या दिवशी चहाला ताईंचा आवाज पहिल्यांदा फाटला होता, आणि त्या रडत, संतापत बोलत राहिल्या होत्या. माझा सगळ्यात गाजलेला लेख त्या अर्ध्या तासातून आला.

"चार वाजून बारा मिनिटं," त्यांनी वाचलं. "चार चौदा. चार सतरा."

"ताई—"

"सगळे माझ्याकडे बघत होते त्या दिवशी, तू एकटा मान खाली घालून बसला होतास. मी घरी जाऊन सांगितलं, त्या पोराला बघवेना रे, रडू लपवत होता."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला, मला पोचेल असा, माझ्या बाजूला.

"मी जाऊ का साहेब? काम पडलंय," त्या म्हणाल्या.

"जा ताई," साहेब म्हणाले. "तुमचं काही नाही यात."

त्यांनी जाताना दार उघडंच ठेवलं. साहेबांनी माझ्याकडे ओळखपत्र मागितलं. मी ते गळ्यातून काढून दिलं, आणि तेव्हाही माझी मान वर झाली नाही.