शेवटाकडून वाचलेल्या ओव्या

लढाई सुरू झाली आणि फॅक्टरीच्या भोंग्याला रविवार-सोमवार कळेनासा झाला. एवढ्यात श्रीरंगला एक सुट्टी मिळाली. कागद तपासून घ्यायला शरयूनं ती दुपारीच गाठली. तिच्या ओव्यांचे कागद उद्या सकाळी शेजारचे भय्यासाहेब नागपूरच्या छापखान्यात नेणार होते.

"मी तीनदा वाचले. एक चूक नाही," ती म्हणाली.

"तू काहून वाचलेस? ज्यानं गोळा घडवला, त्यानं तो तपासायचा नाही. तुला सारं पाठ. कागदावर नसलेलंही तुला दिसते."

श्रीरंग तोफगोळे तपासणारा इन्स्पेक्टर. शरयूला चुकांचं एवढं नव्हतं. लग्न होऊन सहा वर्षं झाली, पण या माणसानं तिच्या एकाही ओवीला 'छान' म्हटलं नव्हतं. आज सगळ्या त्याच्या हाती जाणार, निदान एकदा तरी म्हणेल!

तो उन्हात उंबऱ्यावर बसला. ओळीवर लोखंडी पट्टी ठेवली आणि शेवटच्या पानाच्या शेवटच्या शब्दापासून उलटा निघाला.

"अहो, हे काय करून राहिले? ओवी आहे ती, उलटा सदरा नाही!"

"सुलटं वाचलं की अर्थ मधात येते. मोठा लबाड! बोट धरून चुकीवरून अलगद पलीकडे नेते."

शरयू मटार सोलत बसली. शेंगेसारखी मनातून फुटत होती. दळलेलं पीठ कुणी पुन्हा दाणे करून जात्यात भरावं, तशा तिच्या ओव्या मागे मागे चालल्या होत्या.

"'तुळशीला पाणी पाणी'. दोनदा. वृंदावनात पूर आला, शरयूबाई."

"हं."

"चांदण्यावरचं टिंब गळलं."

"लावा तुम्हीच."

मग पट्टी थांबली. बराच वेळ थांबली. श्रीरंगचे ओठ हलत होते, आणि मान डावीकडून उजवीकडे चालली होती. सुलटी! शरयू हळूच त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

*भोंगा झाला पहाटंचा, कंत निघाले कामाला*
*डबा दिला बाई हाती, ऊब राहिली*
*राहिली हाताला*

"चलो, हे पान पास," म्हणत त्यानं पान उलटवलं.

"थांबा! 'राहिली' दोनदा आलंय. ओळीच्या शेवटी एक, खालच्या ओळीत एक."

श्रीरंगनं पान परत घेतलं. पाहिलं. कानाची पाळी लाल झाली.

"सुटलं खरं," तो पुटपुटला. "डब्याशी आलो अन् मी… वाचतच गेलो."

"इन्स्पेक्टरसाहेब फेल!"

तिनं मूठभर मटार त्याच्या ओंजळीत टाकले आणि एक 'राहिली' स्वतःच्या हातानं खोडली. 'छान' तो अजूनही म्हणाला नव्हता. तिनंही मग विचारलं नाही.