चाळीस जोड्या

तिसरा डबा उघडून पाहिला आणि अजय दारातल्या लाकडी पेटीवर मटकन बसला.

"आजी, हे काय केलंत तुम्ही?"

"काऊन? काम आवडलं नाई का?" शमसुन्निसानं आरी मेणाच्या गोळ्यात खुपसून ठेवली. पुण्याचा हा पोरगा हात जोडेल, अशी तिची अपेक्षा होती.

कोळशाच्या खाणींच्या घुग्घुसमध्ये ती एकोणतीस वर्षं जोडे शिवत होती. नवरा गेला त्याच आठवड्यात त्याच्या बैठकीवर जाऊन बसली. शाळा दुसरीपर्यंत. पण तिच्या हाताखालून गेलेला खाणवाल्याचा बूट पुन्हा त्याच जागी उसवला, असं कुणी सांगावं आणि तिच्या तावडीतून सहीसलामत सुटावं!

सोमवारी अजयनं पुण्याच्या आपल्या कंपनीच्या बुटांच्या चाळीस जोड्या आणून टाकल्या होत्या. काम एवढंच, की प्रत्येक बुटाच्या टाचेला लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा, घुग्घुसच्या कारागिराच्या हातचा. जोड्या फक्त चाळीस निघणार, पुन्हा कधीच नाही. विकून येईल त्या पैशातून कोळशानं छाती गेलेल्यांना ऑक्सिजनची मशीन. पहिली मशीन जहीरला, असं अजयनं त्याच्या खाटेशी बसून सांगितलं होतं.

जहीर तिचा मुलगा. अठरा वर्षं कोळशाच्या ट्रकांवर ताडपत्री बांधली, आता त्याचं एक वाक्य एका दमात पुरं होत नसे. भाड्याचं सिलिंडर आठवड्यातून दोनदा यायचं. बाकीचे दिवस तो खिडकीशी बसून तोंडानं हवा ओढायचा.

डबे पहिल्यांदा उघडले तेव्हा शमसुन्निसाला या पुणेकरांची कीव आली होती. एक जोडी धड असेल तर शपथ. सोलनं तोंड वासलेलं, शिवण सुटलेली, पांढऱ्या कापडावर काळे डाग.

"या येड्यायले कोनं तरी खराब माल चिकटवला," ती सुनेला, शगुफ्ताला म्हणाली. "अन् हे असाच विकतीन. लोकं याच जोड्यानं मारतीन यायले."

तीन दिवस तिनं दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही. सोल्युशन लावून सोल दाबले, दुहेरी शिवण घातली. शगुफ्तानं सोड्यानं घासून बूट दुधासारखे केले. जहीरनं बसल्या बसल्या नाड्या ओवल्या. आणि सगळ्यात शेवटी टाचेचा लाल टाका.

"ते मुद्दाम तसे बनवले होते, आजी," अजय म्हणाला. "खाणीत झिजलेल्या बुटासारखे. लोकांनी फोटो बघून बुकिंग केलंय. एक जोडी तीस हजारांना."

"फाटकी?"

"फाटकी."

शमसुन्निसा हसली. ते हसू पाहून शगुफ्ता मुकाट आत सरकली.

"माह्या दारात रोज असे बूट येतेत. घालणारा शरमेनं पाय मागं घेते. अन् तुमच्याइकडं त्याचीच ऐट करून राह्यले? घालून जातीन कुठी?"

"घालत नाहीत. काचेच्या कपाटात ठेवतात."

"पाय नाईत का त्यायले?"

अजयनं डब्याचं झाकण लावलं. "फोटोसारखे नसले तर पैसे परत करावे लागतील, आजी. मग मशीन..." खिडकीकडे बघायचं त्यानं टाळलं. "संध्याकाळी गाडी येतेय. परत उसवता येतील का? डागांचं मी बघतो."

खिडकीतून आवाज आला. "राहू दे... अम्मी. असं काम... कोनी उसवते का?" एवढ्याला जहीरला तीन दम लागले.

"तू बोलू नोको."

तिनं रापी उचलली. स्वतःच्या टाक्यावर पातं टेकवलं आणि क्षणभर तसंच धरलं. मग ओढलं. शिवण मजबूत होती, सहज सुटेना. दुसऱ्या ओढीला सुटली.

"शगुफ्ता, यायले एक तसराळं दे. रस्त्यावरची काळी धूळ भरून आनतीन. घुग्घुसात तेवढी फुकट भेटते." अजय उठला तशी ती पुढे म्हणाली, "अन् ते फासनं तिकडं नाल्यापाशी कर, बाबू. माह्या पोराच्या खिडकीजवळ नाई."

थोड्या वेळानं हात काळे करून अजय परत आला. तिची बोटं पाहून त्यानं फोन काढला. "आजी, हात जरा उजेडात घेता का? लोकांना आवडेल."

"शिवत होतो तवा कुठी होतास? ठेव तो खिशात."

दुपार कलल्यावर होणाऱ्या असरच्या अजानीपर्यंत चाळीसही जोड्या उसवून झाल्या. तोंड वासलेले, काळे, जसे आले होते तसे; टाचेचा लाल टाका तेवढा राहिला. गाडीत डबे चढवताना अजय म्हणाला, "मशीन महिन्याभरात येईल, आजी. नक्की." तिच्या मांडीवर कापलेल्या दोऱ्यांचा गुंता साचला होता. तो तिनं झटकला नाही.

गाडी वळली तेवढ्यात सायकल भिंतीला टेकवून पत्रू आला. खाणीतली पाळी सुटली होती. त्यानं एक बूट काढून पुढे केला.

"चाची, सोल निघाला. होते का?"

बूट तिनं खिडकीपासून लांब नेऊन झटकला, ओढणीच्या टोकानं पुसला, गुडघ्यांत धरला. पत्रूनं सवयीनं उघडा पाय पेटीमागं घेतला.

"राहू दे समोर," ती म्हणाली आणि दोरा दुहेरी केला.