उघडं नाव

मीराबाईंनी आणखी एक कार्ड उचलून समोर धरलं, आणि प्रेमानं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला.

कार्डावर एक पांढराफटक बाबा होता. पाय नाहीत, पोट भोपळ्यासारखं, नाकाच्या जागी गाजर आणि डोळ्यांच्या जागी कोळसे. कार्डांची ती पेटी कुठल्याशा बर्फाळ मुलुखातून इस्पितळाला देणगी म्हणून आली होती, आणि तिकडची पोरं म्हणे बर्फाचे असले बाबे हौसेनं अंगणात उभे करतात. प्रेमाला हे कोण सांगणार? विक्रोळीच्या चाळीतून ती घाटकोपरच्या या पालिकेच्या इस्पितळात आली होती वाचा परत मिळवायला, आणि इथे तर पाय नसलेलं काहीतरी तिच्याकडे बघून हसत होतं.

"हे काय आहे, प्रेमाताई? बघा, सांगता येतंय का?"

प्रेमानं जोरजोरात मान हलवली.

"तिका भ्या वाटता, बाई," शेजारच्या स्टुलावरून लवू म्हणाला. लवू तिचा नवरा. संपात गिरणी बुडाली तेव्हापासून एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन. "पाय नसलेलो कोण दिसलो तर आमच्यात हात जोडून वाट सोडतत. नाव इचारीत नाय."

वाचेच्या उपचाराच्या या बाई वयानं लहान होत्या, पण कानाच्या तिखट. त्यांनी ते कार्ड स्वतःकडे वळवून नीट पाहिलं आणि पालथं ठेवलं.

"बरं, राहू दे. अगदी सोपं विचारते. मिस्टरांचं नाव काय?"

प्रेमाच्या अंगावर सरसरून काटा आला. तिनं आणखी वीतभर पदर तोंडात घातला.

"तां ती घेवची नाय, बाई," लवू घाईनं म्हणाला. "आमच्यात घेनत नाय."

मीराबाईंनी जीभ चावली. "माझी आईसुद्धा अजून 'अहो'च म्हणते. आणि मी खुळी, छापलेले प्रश्न वाचत गेले!" मग प्रेमाचा हात हातात घेऊन त्या हळूच म्हणाल्या, "पण काहीतरी बोला हो. ओरडा, शिव्या द्या, चालेल. अर्धांगाच्या झटक्यानंतरचे हे पहिले महिने महत्त्वाचे. तोंड असंच बंद ठेवलंत तर आहे ती वाटसुद्धा बुजेल."

प्रेमाला सगळं कळत होतं. कळणं तिचं शाबूत होतं. तीच तर पंचाईत.

खरी गोष्ट अशी, की प्रेमाची वाचा गेली नव्हती. गेले होते ते शब्द. ओट्याशी बांगडे साफ करता करता ती कोसळली, आणि शुद्धीवर आली तेव्हा उजवं अंग मेल्यासारखं पडलं होतं आणि घशाला कोरड पडली होती. खोलीत कोणी नव्हतं. पाणी मागायला म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि तोंडातून शब्द आला, "लवू."

जन्मात कधी उच्चारलं नाही ते नाव! लग्नात एकदा उखाण्यात घेतलं होतं, तेही मामीनं पाठीला चिमटा काढल्यावर. पण उखाण्यातलं नाव वेगळं. ते चार ओळींच्या फडक्यात गुंडाळलेलं असतं, त्याला वारा लागत नाही. उघडं नाव घेतलं की घोवाचं आयुष्य झिजतं. हे तिला आईनं सांगितलं होतं. त्यांच्या वाडीतल्या एका बाईनं म्हणे रागाच्या भरात नवऱ्याला नावानं हाक मारली, तेव्हा नवरा माडाच्या शेंड्यावर नारळ पाडत होता. नारळ भुईला लागायच्या आधी तो लागला. आई ही गोष्ट सांगताना दर वेळी माडाची उंची हातभर वाढवायची. प्रेमाचं लग्न ठरेपर्यंत माड ढगात गेला होता.

प्रेमा अशा गोष्टींना हसणारी नव्हती, आणि आता तर मुळीच नाही. कारण ती "लवू" म्हणाली त्याच घटकेला टॅक्सी आणायला धावलेला लवू चाळीच्या जिन्यावरून घसरला होता. गुडघा फोडून घेऊन लंगडत वर आला. पुढे दोन दिवसांनी इस्पितळाच्या खाटेवर तिला नणंदेला, शेवंतीला सांगायचं होतं की उशी उंच कर. आलं काय? "लवू." हळू, ओठांतल्या ओठांत, शेवंतीला ऐकूसुद्धा गेलं नाही. त्याच संध्याकाळी लवूला हुडहुडी भरली आणि मलेरिया निघाला.

तिसऱ्यांदा बघायची प्रेमाची छाती झाली नाही. तिनं तोंडाला कुलूप घातलं. शेवंती म्हणाली, "वयनीक गावाक न्हेया, देवीक कौल लावया." डॉक्टर म्हणाले, वाचा गेली. प्रेमा सगळ्यांकडे टकामका बघत राहिली. बोललं तर घोव जातो, न बोललं तर आपण जन्माची मुकी. जांभई आली तरी ती हात तोंडावर दाबून धरायची. न जाणो, जांभईतून निसटायचं.

पुढच्या खेपेला मीराबाईंच्या टेबलावर कार्डांची पेटी नव्हती. त्यांनी लवूला सांगून ठेवलं होतं, ताईंच्या हाताखालच्या वस्तू घरून आणा. लवूनं खाकी पिशवी उपडी केली. पितळी पळी. मूठभर कोकमं. नारळ खवायचा आडाळो. आणि वर्तमानपत्रात बांधलेले सुके बांगडे, ज्यांच्या वासानं शेजारच्या एक्स-रेच्या रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या.

"आता तुम्ही जरा चहा पिऊन या," मीराबाई लवूला म्हणाल्या. "येताना आमच्यासाठीही आणा. तुम्ही समोर असलात की त्या आक्रसतात."

लवू गेला. दार ढकललं गेलं, पण त्याची कडी कधीचीच मोडलेली होती. बोटभर फट राहिली.

मीराबाईंनी पळी उचलली आणि कोकमं ढवळल्यासारखी करून दाखवली. फिरवत होत्या उलट्या बाजूनं, आणि आडाळो तर त्यांनी पातं खाली करून ठेवला होता. प्रेमाच्या पोटात हसू फुटलं. किती दिवसांनी! पुडी सुटली, बांगड्यांचा वास नाकात शिरला, आणि एकदम स्वतःचं घर, स्वतःची चूल, सगळं जिभेच्या टोकाशी आलं. बाई, आडाळो असो नाय ठेवनत, हात कापात, असं सांगायला ती पुढे झुकली. पदर तोंडातून सुटला.

"लवू!"

चांगलं मोठ्यानं. खणखणीत.

मीराबाई आनंदानं उभ्याच राहिल्या. "बोललात! यजमानांना बोलवू? थांबा हं—"

नको, नको! प्रेमानं डाव्या हातानं त्यांची बाही पकडली. "लवू, लवू, लवू!" नको म्हणायचं होतं तर तेच, थांबा म्हणायचं होतं तर तेच. एकेक नाव म्हणजे त्याच्या आयुष्यातलं एकेक वर्ष, आणि ती मूठमूठ उधळत सुटली होती. डोळे पांढरे करून तिनं स्वतःचा गळा धरला.

मीराबाई सावकाश खाली बसल्या. त्यांनी पळी दाखवली.

"लवू," प्रेमा रडत म्हणाली.

कोकम दाखवलं. "लवू."

"म्हणजे दुसरं काही येतच नाही? काहीही म्हणायला गेलात तरी हेच येतं?"

प्रेमानं मान डोलावली.

"आणि म्हणून इतके दिवस तोंड मिटून बसलात? त्यांना काही होईल म्हणून?"

प्रेमानं डोळे मिटले. मीराबाई हे खूळ आहे म्हणाल्या नाहीत, की शिकलेल्या माणसांसारख्या हसल्या नाहीत. "हे तुम्ही नाव घेत नाही आहात, ताई," एवढंच त्या म्हणाल्या. "जीभ एका पायरीवर अडकलीय. तिला तिथूनच वर—"

बाहेर खळ्ळकन काच फुटली. आणि मग काही जड भिंतीवर आदळल्याचा आवाज.

प्रेमा ताठ झाली. माड तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, ढगापर्यंतचा. उठायला गेली तर उजवा पाय उचलेना. मीराबाई धावल्या, दार उघडलं.

लवू भिंतीला टेकून उभा होता. पायाशी चहा आणि तीन ग्लासांच्या काचा, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. तोंड उघडं. जिवंत.

"गो," तो म्हणाला, "तू माका हाक मारलंस?"

प्रेमानं तोंडावर हात दाबला. मीराबाईंनी त्याला आत घेतलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. लवू ऐकत राहिला. एकदा पळीकडे पाहिलं, एकदा कोकमांकडे. मग खाली बसला आणि मोठ्यानं हसला.

"अरे वा रे वा! इतकी वर्सां एकदा म्हणान हाक मारूक नाय, आणि आता ह्या सुक्या बांगड्याक पण माझा नाव?" त्यानं खुर्ची पुढे ओढली. "आयक गो. हेच्यात भियाचा काय असा? यम माझा नाव आयकान येतलो ना? येऊ दे. आमच्या घरात पळी पण लवू, बांगडो पण लवू, शेवंती पण लवू. तो तरी बिचारो कोणाक उचलतलो? चार दिस हुडकतलो, कंटाळतलो, आणि बांगडो घेऊन जातलो."

मीराबाईंना हसू आवरेना. प्रेमाच्याही ओठाचा धड होता तो कोपरा हलला. तोंडावरचा हात तिनं खाली घेतला.

तेव्हा तिला दिसलं. लवू हसत होता, पण गळ्यातला ताईत त्यानं मुठीत इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. कपाळावर घाम. माडाची गोष्ट त्याच्या आईनंही त्याला सांगितली असणार. वाडी एकच होती.

प्रेमानं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्यानं नजर चुकवली नाही.

"परत म्हण," लवू म्हणाला.

तिनं मान हलवली. नको.

"म्हण गो."

"लवू," प्रेमा म्हणाली. हळूच.

त्यानं डोळे गच्च मिटले. थोडा वेळ तसाच बसला, एखादी गोष्ट अंगावर येऊन कोसळायची वाट पाहिल्यासारखा. मग एक डोळा उघडला.

"आता जरा मोठ्यान," तो म्हणाला.