अठ्ठेचाळिसावी वाटी

सोमवारी खाली गेलेला सहा वाट्यांचा मफिनचा ट्रे मंगळवारी वर आला, तेव्हा त्याला बारा वाट्या होत्या. वैजयंतीने त्या दोनदा मोजल्या आणि नवऱ्याला, सदानंदला, आणखी डझनभर अंडी आणायला पाठवलं.

साताऱ्यातल्या त्या दुमजली घरात वर वैजयंती राहायची आणि खाली तिच्या थोरल्या जाऊबाई, प्रभावती. भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत चारचौघांच्या घरी असतेच, पण या दोघींनी सव्वीस वर्षं तिचं युद्ध करून ठेवलं होतं. वैजयंतीने अळूवडी पाठवावी, तर त्याच डब्यातून जाऊबाईंची अळूवडी वर यायची, जास्त खमंग आणि जास्त पातळ. वैजयंतीचा डबा कधी उत्तराशिवाय आला नाही, आणि त्यासोबत ‘छान झालं होतं’ असा निरोपही कधी आला नाही. तेवढा एक निरोप मिळाला असता तर तिला दुसरं काही नको होतं.

म्हणून तर तिने नाश्त्याला फ्रेंच टोस्ट मफिन सुरू केले होते. आदल्या दिवशीच्या ब्रेडचे तुकडे अंडी, दूध आणि दालचिनीत भिजवायचे, वाट्यांत भरायचे, वर लोणी-साखरेचा चुरा घालून भाजायचे. त्यात ती चिमूटभर जायफळ किसायची. हे जायफळ कुठल्याच कृतीत नव्हतं, ते खास तिच्या डोक्यातून आलं होतं. सकाळी सातला मफिन तयार झाले की वास जिना उतरून खाली जायचा, आणि वैजयंती जिन्याच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी राहायची. याला उत्तर द्या म्हणावं आता!

जाऊबाई उत्तर देत होत्या. बुधवारी साटोऱ्या आल्या, गुरुवारी खांडवी आली. प्रत्येक वेळी ट्रे वाढलेला असायचा आणि एकही वाटी रिकामी नसायची. ट्रेबरोबर अवनही वाढला होता, नाहीतर ट्रे आत गेला कसा असता? फ्रिज बाहेरच्या खोलीत गेला. कपाट गच्चीवर गेलं. शुक्रवारी ट्रेमध्ये कंदी पेढे आले.

“अहो, हे विकतचे आहेत,” वैजयंती म्हणाली.

“चांगले आहेत की,” सदानंद खाता खाता म्हणाला.

“चांगले असू देत. विकतचे आहेत! दमल्या बाई एकदाच्या.” तिला इतका आनंद झाला, की तिने दोन्ही गालांना हात लावून पाहिले. गरम होते.

शनिवारी ट्रे वर आणायला सदानंद आणि भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, दोघे लागले. जिन्यात वळवताना कठडा काढावा लागला. वाट्या अठ्ठेचाळीस होत्या, एकेकीत माणूस मांडी घालून बसेल एवढी. त्यांत जाऊबाईंनी साधी साखर भरली होती. प्रत्येक वाटीत चमचा-चमचा, पण भरली होती.

रविवारी पहाटे उठून वैजयंती कामाला लागली. अवन आता जिन्याचं दार अडवून खालपर्यंत उतरला होता. त्याला पलीकडूनही एक दार फुटलं होतं आणि ते जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात उघडत होतं, त्यामुळे ट्रे उतरवायची कटकट मिटली. साताऱ्यातल्या सगळ्या बेकऱ्यांतला शिळा ब्रेड तिने आदल्या दिवशीच मागवून ठेवला होता. सदानंद बादलीत अंडी घोटत होता. सत्तेचाळीस वाट्या भरल्या आणि ब्रेड संपला.

“एक राहू दे रिकामी,” सदानंद म्हणाला. “सत्तेचाळीस काय कमी आहेत?”

“रिकामी?” वैजयंतीने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुन्हा अंडी घोटू लागला. “सव्वीस वर्षं मी एक वाटी रिकामी पाठवली नाही. आज पाठवू, जिंकायच्या दिवशी?”

तिने पदर खोचला, चपला काढल्या आणि ती अठ्ठेचाळिसाव्या वाटीत बसली. बेतशीर बसली, ना कमी ना जास्त. सदानंदने उरलेलं दूध-अंडं तिच्या खांद्यांवरून ओतलं आणि वर चुरा भुरभुरला.

“जायफळ,” तिने आठवण केली.

त्याने जायफळ किसलं, ट्रे आत ढकलला आणि दार लावलं.

आत उकडत होतं, पण फार नाही. शेजारचे मफिन हळूहळू वर येत होते, आणि तीही येत होती. आजूबाजूला एकसारखा सोनेरी रंग चढला. एकही बसका नव्हता, एकही करपलेला नव्हता. आपल्या हातचं इतकं सुंदर काही वैजयंतीने आजवर पाहिलं नव्हतं, आणि तिचा ऊर अभिमानाने भरून आला.

मग पलीकडचं दार उघडलं. जाऊबाई चष्मा लावून, हातात चमचा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे बाहेर ओढला, स्टूल घेतलं आणि पहिल्या वाटीपासून सुरुवात केली. त्या शांतपणे खात गेल्या. प्रत्येक वाटी त्या खरवडून पुसून काढत होत्या, आणि खरवडणं म्हणजे नावडणं नव्हे हे वैजयंतीला कळत होतं. सूर्य खिडकीच्या एका गजावरून दुसऱ्यावर गेला. सत्तेचाळिसावी वाटी संपली.

“कसे झालेत गं?” भाऊजींनी दारातून विचारलं.

वैजयंतीने श्वास रोखून धरला.

“संपू तर द्या. पानात काही असताना मी बोलत नसते,” जाऊबाई म्हणाल्या, आणि त्यांनी शेवटची वाटी पुढे ओढली.

वैजयंतीने मान ताठ केली.